चर्चगेटचं गेट कुठे गेलं?

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलं की चर्च दिसत नाही आणि गेटही दिसत नाही. शाळेत असताना मी हे आईला विचारलं होतं. "इंग्रजांनी ठेवलेलं नाव आहे, चल लवकर," एवढंच उत्तर मिळालं. पुढे नोकरीनिमित्त त्याच स्टेशनात रोज उतरायला लागलो आणि जेवणाच्या सुट्टीत आसपास पायी हिंडायची सवय जडली. तेव्हा कळलं, चर्च आहे आणि गेटही होतं. दोन्ही एकाच सरळ रस्त्यावर.

तो रस्ता म्हणजे वीर नरिमन रोड, जुनं नाव चर्चगेट स्ट्रीट. स्टेशनकडे पाठ करून पूर्वेला चालू लागा. दहा मिनिटांत फ्लोरा फाउंटन येतं. गेट इथे होतं. तसंच सरळ आणखी पाचएक मिनिटं गेलात की सेंट थॉमस कथीड्रल लागतं. चर्चकडे नेणारा दरवाजा म्हणून तो चर्चगेट, दरवाजातून जाणारा रस्ता म्हणून चर्चगेट स्ट्रीट आणि त्या रस्त्याच्या पश्चिम टोकाला बांधलं म्हणून स्टेशनही चर्चगेट. दरवाजा पाडला, रस्त्याचं नाव बदललं, पण स्टेशनाला ते चिकटून राहिलं.

दरवाजा होता म्हणजे भिंत होती. या भागाला आपण फोर्ट म्हणतो, जुनी माणसं 'कोटात जाऊन येतो' म्हणायची, पण कोट कोणी पाहिलेला नसतो. ती भिंत पडून दीडशेहून जास्त वर्षं झाली. तरीही मैदानं कुठे आहेत, बोरीबंदर कुठे आहे, कुठल्या गल्ल्या अरुंद आणि कुठले रस्ते रुंद, हे सगळं तिनेच ठरवलेलं आहे. फोर्टमधल्या इमारतींची यादी कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत मिळते. त्या तिथेच का आहेत हे समजायचं असेल, तर आधी ती भिंत डोळ्यांपुढे उभी करावी लागते.

सुरुवात एका घरापासून होते. पोर्तुगीजांच्या काळात मुंबई बेट गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्याचा वाडा बंदराच्या काठावर होता. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. कंपनीने त्या वाड्याभोवती तटबंदी उभारली. हा 'बॉम्बे कासल'. म्हणजे आधी किल्ला झाला आणि मग त्याच्या पश्चिमेला वस्ती वाढली. ती उघडीच होती.

उघडी वस्ती किती धोक्याची, ते १६८९ मध्ये कळलं. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला आणि वर्षाहून अधिक काळ किल्ल्याला वेढा घालून बसला. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले आणि बेट सिद्दीच्या हाती होतं. शिवाय समुद्रात कान्होजी आंग्रे होते. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला. त्याने वस्तीभोवती दगडी तट पुरा करून घेतला आणि आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आणि खांदेरीवर आरमारही पाठवलं. दोन्हीकडून ते हात हलवत परत आलं. तट मात्र टिकला. दक्षिणोत्तर लांबी साधारण दीड किलोमीटर, रुंदी अर्धा किलोमीटर. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझारगेट आणि पश्चिमेला चर्चगेट. पूर्वेला समुद्र आणि कासल. अपोलो हे नाव ग्रीक देवाचं वाटतं, पण ते 'पालव' या आपल्या शब्दाचं इंग्रजी तोंडात झालेलं रूप असल्याचं सांगतात. पालव बंदर हे नाव आजही जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात येतं.

आता मैदानांकडे वळू, कारण मला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच वाटतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याआधी दोन वर्षं साष्टी मराठ्यांकडे आलेली होती. म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडे मराठ्यांचं राज्य आणि अलीकडे इंग्रजांचं मूठभर बेट. मुंबईत भीतीची लाट आली. तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी पैसा उभा केला. पण खंदकाने काम पुरं होत नाही. तटावर तोफ ठेवली आणि समोर माडांची वाडी आणि घरं असतील, तर शत्रू त्यांच्या आडोशाने थेट तटापाशी येतो. तोफेला समोर मोकळी जमीन लागते. जवळ येणारा प्रत्येक माणूस लांबूनच दिसला पाहिजे आणि त्याला लपायला झाडाचं खोडसुद्धा मिळता कामा नये. म्हणून तटाबाहेरची माडांची झाडं तोडली, घरं हटवली आणि पश्चिमेला व उत्तरेला रुंद पट्टा मोकळा केला. त्याला एस्प्लनेड म्हणायचे. पुढे तो आणखी रुंद केला आणि तिथे बांधकामाला बंदी राहिली.

त्या मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. इंच इंच जागेसाठी भांडणाऱ्या या शहरात, सर्वांत महाग भागात, ओळीने एवढी मोकळी मैदानं कशी राहिली याचं उत्तर तोफेच्या टप्प्यात आहे. आणि तो टप्पा मोकळा झाला वसईमुळे. ओव्हलवर रविवारी एकमेकांत घुसलेले दहा-बारा क्रिकेटचे डाव चालू असतात. कुठला चेंडू कुठल्या सामन्याचा ते खेळणाऱ्यांनाच कळतं. ते बघत बसलो की मला हमखास चिमाजी अप्पा आठवतात.

भिंतीच्या आत काय होतं? चर्चगेट स्ट्रीटच्या दक्षिणेला बहुतेक इंग्रज, उत्तरेला पारशी, गुजराती, बोहरी आणि इतर व्यापारी. ही वाटणी अजून पायाखाली जाणवते. बझारगेटच्या बाजूला आजही गल्ल्या निमुळत्या आहेत आणि घरं एकमेकांना टेकलेली. १७०९ मध्ये स्थापन झालेली बनाजी लिमजी अग्यारी, मुंबईतली सर्वांत जुनी, याच बाजूला आहे. दक्षिणेकडे गोदी होती. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने तिथे सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगत ठेवलेलं आहे.

वस्ती वाढत गेली आणि भिंत मात्र तेवढीच राहिली. १७ फेब्रुवारी १८०३ ला बझारगेटच्या बाजूला आग लागली आणि तो दाटीचा भाग मोठ्या प्रमाणात जळून गेला. त्यानंतर सरकारने लोकांना कोटाबाहेर, एस्प्लनेडच्या पलीकडे वसायला लावलं. मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर या बाजूची वस्ती यानंतर झपाट्याने फुगली. दुपारी कोटात कचेरी, संध्याकाळी मैदान ओलांडून गिरगावात घर, हा पुढच्या कितीतरी पिढ्यांचा दिनक्रम तिथूनच सुरू झाला.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. ज्यांच्या भीतीने खंदक खणला ते राज्यच राहिलं नाही. तरी तट आणखी चाळीसेक वर्षं उभा होता. खंदकात घाण साचायची, वारा अडायचा, दरवाजांत गाड्यांची कोंडी व्हायची. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी ठाण्याला निघाली तेव्हाही तो तिथेच होता, म्हणून ती सुटली बझारगेटच्या बाहेरून, बोरीबंदराहून. आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्याच ठिकाणी का आहे, याचं कारण हेच. ज्या टोकाला कोट संपत होता, तिथे रेल्वे सुरू झाली. त्या स्टेशनच्या वास्तूवर इतकं लिहून झालंय की मी फक्त एक सुचवतो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आराखडा केला, १८७८ मध्ये काम सुरू झालं, १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीनिमित्त तिचं नाव दिलं, हे सगळं खरं. पण गाडीला दहा मिनिटं अवकाश असेल तर जुन्या तिकीटघरात उभं राहून खांबांच्या माथ्याकडे बघा. दगडात पानं, पक्षी आणि छोटे प्राणी कोरलेले आहेत. त्या सजावटीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

भिंत पाडली गव्हर्नर बार्टल फ्रिअरने. तो १८६२ मध्ये आला आणि दोनएक वर्षांत तट आणि दरवाजे जमीनदोस्त झाले. पण इच्छा असून भागत नाही, पैसा लागतो. तो आला अमेरिकेतून. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव आभाळाला भिडले. शहरात एवढा पैसा ओतला गेला की रोज नव्या कंपन्या निघू लागल्या आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपनीचे शेअर्स वेड लागल्यासारखे चढले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. भलेभले रस्त्यावर आले. पण तोवर तट पडून गेला होता, मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड विकले गेले होते आणि मोठमोठ्या देणग्यांचे शब्द दिले गेले होते.

राजाबाई टॉवर त्यातलाच. कापसाच्या आणि शेअर्सच्या बाजाराचा तेव्हाचा राजा प्रेमचंद रायचंद याने दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचं ग्रंथालय आणि हा मनोरा झाला. त्याला आईचं नाव दिलं. आई धर्माने जैन, सूर्यास्तापूर्वी जेवायचं, आणि डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून वेळ ऐकू यावी यासाठी हे घड्याळ, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मला आवडते. लंडनमध्ये बसलेल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने मुंबई न पाहताच आराखडा केला. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. पागोट्यांवरून ते ओळखू येतात, पण खालून नुसत्या डोळ्यांनी नाही, दुर्बीण न्या.

आता ओव्हलच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला तोंड केलं की दक्षिणेकडून उत्तरेला ओळीने जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट. सगळ्या इमारती १८७० च्या दशकात पुऱ्या झालेल्या, टोकदार कमानींच्या, गॉथिक पद्धतीच्या. त्या सगळ्या पश्चिमेकडे तोंड करून का उभ्या आहेत? कारण तेव्हा समोर समुद्र होता. मैदान संपलं की थोडक्या अंतरावर रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे बॅक बेचं पाणी. ही राज्यकर्त्यांची समुद्राकडे केलेली दर्शनी बाजू होती.

आता मागे वळा. पश्चिमेच्या कडेला गोलाकार गॅलऱ्यांच्या, फिकट पिवळ्या-गुलाबी रंगांच्या राहत्या इमारती, उन्हापावसासाठी खिडक्यांवर पातळ छज्जे. या बहुतेक १९३० च्या दशकातल्या, आर्ट डेको शैलीतल्या. बॅक बे भरून काढून जी जमीन झाली तिच्यावर त्या उभ्या राहिल्या आणि मागच्या गॉथिक इमारतींचा समुद्र कायमचा झाकला गेला. एका बाजूला तट पाडून मिळालेली जमीन, दुसऱ्या बाजूला समुद्र हटवून मिळालेली जमीन आणि मधे तोफेसाठी मोकळं ठेवलेलं मैदान. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. एकाच जागी उभं राहून, फक्त मान वळवून शहराची तीन वेगळी युगं दिसावीत, असं मला दुसरीकडे कुठे भेटलेलं नाही.

हायकोर्टाबद्दल एक सांगायलाच हवं. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला याच इमारतीत चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्युरीने दोषी ठरवल्यावर त्यांनी जे काढलं, की ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे आणि याहून वरच्या शक्ती जगाचं नियमन करतात, ते शब्द त्या न्यायदालनाबाहेर संगमरवरात कोरून लावलेले आहेत. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने ते लावले. मी वाचले तेव्हा आजूबाजूला वकिलांची धावपळ चालू होती आणि मला पुढे सरकवेना.

मैदान ओलांडून पुन्हा रस्त्यावर येऊ. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, पाडलेल्या दरवाजाच्या जागेवरचं. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. हे कारंजं खरं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसायचं होतं, ऐनवेळी इथे आलं. इथे इतके रस्ते का मिळतात, याचं उत्तर आता तुम्हीच द्याल. दरवाजा म्हटला की आतून-बाहेरून सगळ्या वाटा त्याच्याकडेच येणार. आणि सगळ्या वाटा जिथे येतात तिथे मोर्चेही येतात. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेले लोक काळा घोड्याजवळच्या तेव्हाच्या विधिमंडळाकडे जायला निघाले होते. त्यांना फ्लोरा फाउंटनपाशी अडवलं आणि गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचं स्मारक कारंज्याशेजारी आहे आणि चौकाचं नाव हुतात्मा चौक. आमच्या घरी 'फाउंटनला गेलो होतो' असं कोणी म्हटलं की वडील न रागावता, पण न चुकता दुरुस्त करायचे.

पुढे कथीड्रल. सतराव्या शतकात पाया घालून चाळीसएक वर्षं अर्धवट पडलेलं हे चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईतली अंतरं इथून मोजत. रोमन आकडे कोरलेले त्या काळचे काही मैलाचे दगड शहरात अजून सापडतात. दादर-परळच्या बाजूला फुटपाथवर असा बुटका दगड दिसला, तर तो आकडा या चर्चपासूनच्या मैलांचा.

कथीड्रलपुढे हॉर्निमन सर्कल. ही पूर्वी कोटाच्या आतली मोकळी हिरवळ, 'बॉम्बे ग्रीन'. इथे कापसाच्या गाठींचे ढीग पडायचे. बाजार पुढे कुलाब्याला आणि नंतर शिवडीला गेला आणि चर्चगेटसारखंच नावही बरोबर घेऊन गेला. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन ते. इथल्याच एका वडाखाली दलाल जमायचे, त्यांची १८७५ मध्ये संघटना झाली आणि आजचा शेअर बाजार हाकेच्या अंतरावर दलाल स्ट्रीटला आहे.

सर्कलच्या समोर टाउन हॉल, १८३३ चा, पांढरे जाड खांब आणि तीस पायऱ्या. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं जुनं हस्तलिखित इथे आहे, नाना शंकरशेटांचा पुतळा इथे आहे, भारतरत्न पां. वा. काणे यांचं या संस्थेशी आयुष्यभराचं नातं होतं, आणि दुर्गाबाई भागवतांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं इथल्या टेबलाशी बसून काढली. आतला वास जुन्या कागदाचा आणि लाकडाचा. पंखे उंचावरून लोंबणाऱ्या लांब दांड्यांना टांगलेले आणि त्यांचा आवाजच तेवढा ऐकू येतो.

टाउन हॉलच्या मागे, जिथून सगळं सुरू झालं तो बॉम्बे कासल. तो आज नौदलाच्या ताब्यात आहे, सहज आत जाता येत नाही. नौदलाच्या त्या तळाचं नाव आहे आयएनएस आंग्रे.

भिंतीचा एक तुकडा मात्र उरलाय. १७६९ मध्ये कोटाच्या उत्तर टोकाला फोर्ट जॉर्ज हा जोडकिल्ला बांधला होता, त्याच्या तटाचा थोडा भाग सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात उभा आहे. सीएसएमटीच्या पूर्वेच्या बाजूने बाहेर पडलं की चालत जाता येतं. काळा दगड, आत लांबट अंधारी दालनं, बाहेरच्या सांध्यांत उगवलेलं पिंपळाचं रोप. मी गेलो त्या दुपारी पेशंटचे दोन नातेवाईक सावलीला टेकून डबा खात होते. त्यांतल्या एकाने विचारलं, काय शोधताय. म्हटलं, ही भिंत. तो सरकला आणि हात लावायला जागा करून दिली.